मिठाचा भात आणि सायबाची वारी

इन्सुलीचा घाट उतरताना मित्राने पहिला प्रश्न टाकला, तेव्हा उजाडलंही नव्हतं.

"रे, तुजो सायब कुजलो नाय म्हणतंत, तां खरां काय?"

पुढे चालणाऱ्या दोन मावश्यांनी मान वळवून बघितलं. मी त्याला हळू बोल म्हटलं. तो शाळेत विज्ञान शिकवतो आणि हळू बोलणं त्याला जमत नाही. पहिलीपासूनचा मित्र. त्याचे वडील दर कार्तिकीला पंढरपूरला जातात आणि हा त्यांनाही स्टँडवर सोडताना असलंच काहीतरी विचारतो. मी सायबाला चालत जाणार हे कळल्यावर म्हणाला, "मीही येतो, बघूया तुमचं काय चालतं ते." मी नको म्हणालो नाही. तीन दिवस नुसती माळ ओढत चालण्यापेक्षा कुणीतरी भांडायला असलेलं बरं.

सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, आमच्याकडच्या बोलीत गोंयचो सायब. त्याचं फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला. त्याआधीचे नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची ठरलेली प्रार्थना, आणि त्या दिवसांत बेळगाव, खानापूर, सावंतवाडी अशा सगळ्या बाजूंनी लोक जुन्या गोव्याकडे चालत निघतात. आमच्याकडून साधारण ६५ किलोमीटर पडतं. आई १८ वर्षं चालत गेली. शेजारच्या काकू त्याला 'गोव्याची वारी' म्हणायच्या आणि आईला ते नाव आवडायचं. मी कधी गेलो नव्हतो. ती वारल्यावर तिची तेर्साची, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेची, माळ माझ्या वाट्याला आली, तेव्हा निघालो.

तर प्रश्न शवाचा. मी त्याला मला माहीत होतं ते सांगितलं. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारला. हाडं लवकर मोकळी व्हावीत म्हणून पेटीत चुना घालून पुरलं होतं. दोनअडीच महिन्यांनी उकरलं तर देह जसाच्या तसा. तो आधी मलाक्काला नेला आणि १५५४ मध्ये गोव्यात आला. पुढे १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला. पायाचं एक बोट कुणा बाईने दर्शन घेताना चावून नेलं म्हणतात. आज जे आहे ते सुकलेलं आहे, त्वचा हाडांना चिकटलेली, आणि चर्चही त्याला 'पवित्र अवशेष'च म्हणतं.

"म्हणजे चमत्कार नाय."

"तू ठरव. चुन्याने असं होऊ शकतं असं तू मुलांना शिकवत असशील तर शिकव. उद्या प्रयोगशाळेतून कुणी लिहून दिलं की यात काही विशेष नाही, तरी मी परवा पहाटे तिथे असणार."

"मग चालतंस कित्याक?"

याचं उत्तर घाटात देता आलं नाही. बांद्यात गरम उसळ-पाव मिळाला, तो विषय तिथेच राहिला.

आम्ही पंधराएक जण होतो. पुढे एक छोटा टेम्पो, त्यात सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याचे कॅन आणि झेंडूच्या माळा घातलेली सायबाची तसबीर. गाडीवाल्यांना दिसावं म्हणून पाठीवर चमकत्या पट्ट्या. हायवेचं काँक्रीट अकरा वाजता असं तापतं की चप्पल बदलून उपयोग नसतो, मोजे भिजवून घालावे लागतात. ही युक्ती मावश्यांची. पुस्तकं वाचून आलेल्या आम्हा दोघांना दुपारपर्यंत फोड आले होते. सत्तरीच्या एका मावशीने धारगळच्या अलीकडे झाडाखाली बसवून माझ्या टाचेच्या फोडातून सुई-दोरा ओवला आणि दोरा तसाच ठेवला. "पाणी गळत रवता," म्हणाली. मित्राने निर्जंतुकीकरणाबद्दल काहीतरी सुरू केलं, तेव्हा तिने त्याचाही पाय ओढून घेतला.

तिथेच, पाय वर करून पडलेले असताना, त्याने तो प्रश्न विचारला. यावेळी हळू.

"आईसाठी किती नोवेना केल्यास?"

त्याला माहीत होतं. आईला कॅन्सर होता, १४ महिने गेले त्यात. त्या काळात आमच्या घरात तेर्स चुकला नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तिचं नाव घेतलं जायचं. मित्राच्या आईने देवळात अभिषेक केला होता. आई गेलीच.

या प्रश्नाला माणसं मला जी उत्तरं देतात ती मला सहन होत नाहीत. देवाची इच्छा. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. तिची परीक्षा होती. शेवटचे दोन आठवडे ती कुशीवर वळू शकत नव्हती. ही कसली परीक्षा आणि कोण तपासणार पेपर? मी त्याला एवढंच म्हटलं की मला कळलेलं नाही. प्रार्थना म्हणजे बटण असतं, दाबलं की दिवा लागतो, असं आईलाही वाटत नव्हतं. तरी ती करायची, आणि केल्यावर तिला झोप लागायची. आणि दुसरं म्हणजे, हाच प्रश्न आमच्या धर्माच्या ऐन मध्यभागी विचारलेला आहे. क्रुसावरून येशूच ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? वरून उत्तर आल्याचं लिहिलेलं नाही. ते वाक्य शुभवर्तमानातून कुणी खोडलं नाही, दर गुड फ्रायडेच्या आठवड्यात ते वाचतात. ज्या देवाला हे विचारता येतं त्याच्याशी माझं जमतं.

"हां उत्तर नाय झालां," तो म्हणाला.

"नाहीच."

मला वाटलं तो पुढे रेटेल. त्याने टाचेच्या दोऱ्याकडे बघत पाणी प्यायलं.

संध्याकाळी कोलवाळचा पूल आला. खाली शापोरा नदी, भरतीचं पाणी, काठाला खाजण. या पुलावर मला थांबायचं होतं. आज महाराष्ट्र-गोव्याची हद्द पत्रादेवीला आहे, पण जुनी हद्द ही नदी. अलीकडचं पेडणे सावंतवाडीच्या राज्यात होतं, पोर्तुगिजांकडे ते १७८८ ला गेलं. नदीपलीकडचं बारदेस मात्र १६व्या शतकापासून त्यांचं. आणि बारदेसातून ही नदी ओलांडून पळालेल्या लोकांपैकी आमचं एक घर. घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत; वाडी संस्थानात अशी बरीच ख्रिस्ती कुटुंबं आली. काही करांना कंटाळून, काही लढायांमुळे, काही इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, भीतीने.

मित्र याच जागेची वाट बघत होता. त्याने वाचून ठेवलं होतं. "तुज्या सायबानंच मागितलेलां ना तां?"

हो. १५४६ च्या मे महिन्यात झेवियरने आजच्या इंडोनेशियातल्या आंबोयना बेटावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन पाठवण्याची विनंती केली. धर्मन्यायालय प्रत्यक्षात १५६० ला आलं, तेव्हा तो मरून आठ वर्षं झाली होती. आमच्यातले लोक ही आठ वर्षं छत्रीसारखी उघडतात. मला ते पटत नाही. मागितलं ते मागितलं. ते न्यायालय मधली थोडी वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. १७३६ च्या फर्मानात अंगणात तुळस लावायची बंदी होती. ख्रिस्ती माणसाने हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, हेही त्यात होतं.

लहानपणी मित्र आमच्याकडे जेवायला आला की पहिल्या घासाला म्हणायचा, "तुमचो भात खारट कसो?" आई हसायची. तिला कारण माहीत नव्हतं. तिच्या सासूने घातलं म्हणून ती आधणात मीठ घालायची, मूठ सैल सोडून, न मोजता. मला ते कारण कॉलेजात असताना वाचनालयात कळलं. त्या दिवशी घरी येऊन जेवताना घास घशाखाली जाईना. ज्यांना सळो की पळो करून सोडलं त्यांच्या पातेल्यात ते फर्मान अजून शिजतंय. आणि आई वर आणखी थोडं वाढायला भातवाढणं घेऊन उभी.

"मग सक्तीचाच धर्म ना तुमचो?" तो म्हणाला.

यावर माझ्याकडे एक उत्तर होतं आणि मला त्याचा थोडा गर्वही होता. म्हटलं, सक्ती होती ती या नदीपर्यंत. इथून पुढे हिंदू राजाचं राज्य. पूल ओलांडला, म्हणजे तेव्हा होडी, की गळ्यातला क्रूस नदीत टाकता आला असता. कुणी विचारणार नव्हतं. माझ्या लोकांनी तो टाकला नाही. पोर्तुगिजांपासून ते पळाले, येशूपासून नाही. तो धर्म आमचा झाला तो इथे.

त्याने कठड्यावर कोपरं टेकली. "टाकून जाणार खंय होते? बाटलेल्याक परत जातीत कोण घेणार होतो? परत वळाची वाटच नाय, तर मगे पुढे चललां म्हणून कौतुक कसलां?"

हा घाव बरोबर बसला. खरं आहे ते. परतीचं दार आतूनही बंद होतं. शिवाय आम्ही जात सोडली असंही नाही. बामण, चारडो, सुदीर ही नावं आमच्या सोयरिकींत अजून कानावर येतात. मी खूप वेळ काही बोललो नाही. मागून येणारा गट तेर्स म्हणत आम्हाला ओलांडून गेला. मग एवढंच म्हटलं, की दार बंद म्हणून माणूस घरात राहतो हे खरं, पण त्यासाठी रोज रात्री गुडघ्यांवर बसून माळ ओढावी लागत नाही. गप्प राहूनही भागलं असतं. तीनशे वर्षं नुसत्या नाइलाजाने कुणी गात नाही.

"गातंत बरीं," तो म्हणाला. इतकंच.

त्या रात्री कोलवाळला एका कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, पडवीत झोपलो. झोपण्यापूर्वी तेर्स. आईच्या माळेचा एक मणी मी लहानपणी तोडला होता, दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या दशकातला चौथा. बाजारातल्या सोनाराने त्या जागी मंगळसूत्राचा काळा मणी ओवून दिला. बाकीचे लाकडी, गुळगुळीत झालेले. हा काचेचा, बारीक, गार. अंधारात नमान मारिये म्हणताना बोट त्याच्यावर येतं तेव्हा कळतं आपण कुठे आहोत. आईही तिथे अर्धा क्षण थांबायची. मित्र शेजारी पाठ करून झोपला होता. झोपला नव्हता.

दुसरा दिवस वाहनांचा. म्हापशात शिरताना सेंट जेरोमच्या चर्चपाशी त्याने मोबाइलवर आईला फोन लावला, कारण त्याची आई दर वर्षी मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला इथे तेल घालायला येते. बारदेसचे हिंदू या सायबिणीला लईराई देवीची बहीण मानतात. "हिलाही विचार की तुझे प्रश्न," मी म्हटलं. तो फोनवर फक्त "हो आई, जेवलो आई" म्हणत होता.

पर्वरी, मांडवीचा पूल, मग पणजी ते रायबंदर तो लांबलचक १७व्या शतकातला बांध. मध्यरात्र उलटली होती, तरी रस्ता भरलेला. अनवाणी पोरं, खांद्यावर झोपलेली बाळं, काठी टेकत जाणारे म्हातारे. आमच्या मावश्या अजून पुढेच.

जुन्या गोव्यात, सायबाची पेटी असलेल्या बासिलिकेसमोर (मोठ्या चर्चसमोर) रांगेत अडीच तास गेले. फेस्ताला पेटी खाली आणत नाहीत, ते दर दहा वर्षांनी. एरवी चांदीची पेटी उंचावर, संगमरवराच्या चौथऱ्यावर असते आणि खालून मान उंच करून बघायचं. मी पत्राबद्दल बोलायचं ठरवलं होतं. कोलवाळच्या पुलापासून शब्द जुळवत आलो होतो: सायबा, ते पत्र लिहायला नको होतंस. पेटीखाली पोचलो तर स्वयंसेवक हाताने पुढे सारत होता, "फुडें वचात, फुडें". तेवढ्यात आईचं नाव घेऊन झालं. मग मी बाहेर.

पहाटेची मिस्सा मंडपात उभ्याने ऐकली. मित्र तोवर ठेल्यांकडे जाऊन खाजं घेऊन आला होता, गुळाचं, आलं घातलेलं. दोन पुड्या: एक त्याच्या घरी, एक टाचेत दोरा ओवणाऱ्या मावशीला.

म्हापशाच्या बसमध्ये जागा मिळाली. त्याने चपला काढल्या, टाच बघितली, दोरा अजून होता.

"पत्राचां इचारलंस?"

"येळ नाय गावलो."

"मगे फुडच्या वर्साक इचार," म्हणाला, आणि खिडकीला डोकं लावून झोपला.