बेक म्हणजे बेक : आमची वाटचाल

आम्ही चिकन विंग्ज, म्हणजे कोंबडीचे पंख, न तळता ओव्हनमध्ये बेक करून विकतो. सुरुवातीलाच सांगते, आमच्याकडे कढई नाही. घरात आहे, दिवाळीला चकल्या तळते. पण विंग्जच्या किचनमध्ये 2018 पासून कढई शिरलेली नाही. एवढं ठासून का सांगावं लागतंय ते पुढे येईलच.

ह्यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी तळण बंद केलं. नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून तळलेल्या विंग्ज आणायची ह्यांना सवय. माझ्याकडे नानकटाईपुरता आणलेला 60 लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, होता, म्हटलं त्यात करून बघू. पहिली खेप ताटात आली तेव्हा ह्यांनी एक तुकडा चावला आणि म्हणाले, "चप्पल उकडलीस का?" खोटं नव्हतं. पांढरट, ओल्या, रबरासारख्या झाल्या होत्या.

चूक कुठे होती ते कळायला दीड महिना गेला. आपल्याकडे दुकानदार कोंबडी सोलतो ती पिसांसकट स्किन ओढून. पटकन होतं, गिऱ्हाइकालाही स्किन नको असते. पण बेक केलेली विंग कुरकुरीत होते ती स्किनमुळेच. ती नसेल तर तुम्ही मांस वाळवताय, दुसरं काही नाही. स्किन ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात, आणि पाणी उकळतं असेल तर स्किन फाटते. हाताला सोसेना असं, पण उकळी नाही.

भद्रकालीतल्या चार दुकानदारांनी मला वाटेला लावलं. पाचवे चाचा. म्हणाले, "ताई, स्किन कोण खातं? आम्ही कुत्र्यांना टाकतो." मी म्हटलं, मला द्या, कुत्र्यांच्या भावात नका देऊ, चिकनच्या भावात द्या. हसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पातेलं चुलीवर ठेवून तयार. मला लागणाऱ्या कोंबड्या ते अजून स्वतः हाताने करतात, पोरांना हात लावू देत नाहीत. पंखाचं टोक कापून सूपला वेगळं, उरलेल्याचे सांध्यातून दोन तुकडे, आणि कापताना हाडाचा चुरा नाही. आमच्या धंद्यात भागीदार म्हणून कागदावर माझंच नाव आहे, पण अर्धा धंदा त्या सुरीचा आहे.

आता हत्यारांचं. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. माझ्या ओटीजीचं बटण 220 वर असताना आत ठेवलेला थर्मामीटर 195 दाखवायचा. म्हणजे वर्षभर मी भलत्याच आकड्यावर रेसिपी लिहीत होते. दुसरी वस्तू जाळी. अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून 304 स्टीलची करून घेतली. पहिल्या जाळीला त्याने अर्ध्या इंचाचे पाय लावले. वाफ खाली कोंडायची, वरून सोनेरी आणि खालून गिळगिळीत. परत नेली, इंचाचे पाय लावून आणले. तो म्हणाला, "मॅडम, अर्ध्या इंचासाठी एवढी कटकट?" हो, एवढी.

बाकी रीत लपवण्यासारखी नाही. विंग्ज धुतल्या तर फडक्याने कोरड्या म्हणजे कोरड्या टिपा. किलोला दोन सपाट चमचे बेकिंग पावडर, एक चमचा मीठ, आणि रात्रभर जाळीवर, न झाकता, फ्रीजमध्ये. बेकिंग पावडरने स्किन किंचित अल्कधर्मी होते, लवकर तांबूस होते आणि बारीक बुडबुड्यांनी फुलते. खायचा सोडा घालू नका, साबण चावल्यासारखं लागतं. पावडर ॲल्युमिनियम नसलेली बघून घ्या. 220 वर पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. मसाला शेवटी, नाहीतर लसूण जळतो. आमचा काळा मसाला घरचा आहे, त्याचं प्रमाण मात्र विचारू नका.

आणि 'हेल्दी' म्हणताना जरा जपून. स्किनमध्ये चरबी असतेच. वाचतं ते तळणाचं तेल, आणि काही चरबी खाली गळते. किलोमागे ट्रेमध्ये अर्धी छोटी वाटी साचते. आमचे पहिले कायमचे गिऱ्हाईक, एसटीतून रिटायर झालेले काका, बायपासनंतर घाबरत घाबरत आले होते. त्यांना ती वाटी दाखवली. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे एरवी हे माझ्या पोटात?" त्या दिवसापासून महिन्यातून एक रविवार, सहा तुकडे. डॉक्टरांना विचारून.

2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी आवई उठली, आणि 2021 च्या जानेवारीत परभणीकडे बर्ड फ्लू निघाला. दोन्ही वेळा फोन वाजायचा थांबला. मी दारात उभी राहून विंगमध्ये थर्मामीटरचा काटा खुपसून दाखवायचे. विषाणू 70 अंशाला मरतो, 74 ला चिकन खायला सुरक्षित, आणि आम्ही विंग्ज 85 पर्यंत नेतो, कारण सांध्यातला चिवटपणा त्याशिवाय सुटत नाही. चाचांनी त्या दिवसांत तीन महिने उधारीवर माल दिला. कधी आठवण केली नाही.

एवढं सोसलं, पण जीव घायकुतीला आला तो 2022 मध्ये, आणि तो कोंबडीच्या आजाराने नाही.

आमच्याकडे एक मुलगा अकरा महिने कामाला होता. हुशार, बोलका. टिपणं, वळवणं, मसाला, सगळं मी शिकवलं. एक दिवस म्हणाला गावी जातो. गाव निघालं कॉलेज रोड. पाटी : 'ओव्हन बेक्ड, झीरो ऑइल'. आमचे सहा तुकडे 240 ला, त्याचे 180 ला. आमची गिऱ्हाइकं मलाच विचारू लागली, "ताई, तुमचे महाग का?" चार महिन्यांत ऑर्डरी निम्म्यावर. दुसऱ्या ओव्हनचे हप्ते सुरू होते. मंगळसूत्र सोडून जे होतं ते सगळं बँकेत गेलं.

एका संध्याकाळी मी स्वतः गेले, तोंडाला स्कार्फ बांधून. ऑर्डर दिली आणि घड्याळ बघितलं. सात मिनिटांत पुडा हातात. सात! घरी आणून टेबलावर ठेवला तर कागद इतका तेलकट की खालची वर्तमानपत्राची अक्षरं दिसत होती. आणि जाळीचा वळ कुठेच नाही. बेक केलेल्या विंगच्या एका बाजूला जाळीची रेघ उमटतेच. ही चारी बाजूंनी सारखी फुगलेली, वर मैद्याचा थर. मी सगळ्यांना सांगत सुटले. लोक म्हणाले, "ताई, धंद्यात चालायचंच." ह्यांनी सांगितलं, गप्प बस, भांडखोर दिसशील. गप्प बसले. अजून पुरतं जमलेलं नाही, बघताय ना.

सावरलो ते काकांमुळे. त्यांनी त्यांच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपला, तिथल्या दोन डॉक्टरांसकट, आमच्याकडे आणलं, आणि मी प्रत्येकाला ती वाटी दाखवली. 2023, 2024 मध्ये सांगण्यासारखं काही झालं नाही. ऑर्डरी आल्या, दिल्या, हप्ते फिटले.

त्याचं दुकान चालू आहे. चांगलं चालतं, गर्दी असते. गेल्या महिन्यात चाचा सहज बोलून गेले की तोही आता त्यांच्याकडूनच माल नेतो. मी विचारलं, कुठला? सुरी पुसत म्हणाले, "विदाउट स्किन, ताई. रोज वीस किलो."

रविवारची ऑर्डर शनिवारी दुपारी बाराच्या आत द्या. श्रावणात बंद.