वालिस, ताबो आणि कुदकुरान

फिलिपिन्समधल्या दुकानात नुसता 'वालिस', म्हणजे झाडू, मागून भागत नाही. कोणता ते सांगावं लागतं. घरातली फरशी झाडायचा मऊ तो 'वालिस ताम्बो', अंगणातला पालापाचोळा ओढायचा कडक तो 'वालिस तिङतिङ'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन्हींसाठी एकच शब्द मिळतो, मग तो गोंधळतो. मराठी माणसाला केरसुणी आणि खराट्यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. तिङतिङ म्हणजे माडाच्या झावळीचे हीर, आणि कोकणात खराटा त्यांचाच बांधतात. म्हणून तागालोगमधल्या, म्हणजे तिथल्या मुख्य भाषेतल्या, घरच्या वस्तू शिकायच्या असतील तर मधे इंग्रजी आणू नये.

वहीही देवनागरीतच ठेवावी. तागालोगचे त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. रोमन लिपीतून वाचणारा 'तिम्बा'ची, म्हणजे बादलीची, 'टिंबा' करून टाकतो. क, त, प म्हणताना हवा सोडायची नाही, हेही आपल्याला आयतंच येतं. अडतं ते ङपाशी. 'बुबोङ' म्हणजे छप्पर. इथे शेवटी ग ऐकू येता कामा नये. दुसरी अडचण आघाताची, कारण रोजच्या लिखाणात तो दाखवतच नाहीत. 'तुबो'मध्ये तु-वर जोर दिला तर नळाचा पाइप, बो-वर दिला तर ऊस. शब्द उतरवतानाच जोराच्या अक्षराखाली रेघ ओढावी, नंतर ते होत नाही. तिसरी भानगड शब्दाच्या शेवटी घशात आवाज तोडण्याची. तोंड मिटून 'अं-अं' असा नकार देताना मधे जो अडथळा येतो, तोच हा. 'सुका' असा तोडून म्हटला तर व्हिनेगर, न तोडता म्हटला तर ओकारी. स्वयंपाकघरात शिरण्याआधी एवढं घोटलेलं बरं.

खरी गंमत वस्तूंची नावं घडतात कशी यात आहे. आपण किसण्यावरून किसणी आणि लाटण्यावरून लाटणं करतो, तसं तिथे क्रियेला 'आन' लागतो. 'साम्पाय' म्हणजे वाळत घालणं, म्हणून 'साम्पायान' ही कपड्यांची दोरी. 'हिगा' म्हणजे आडवं होणं, म्हणून 'हिगाआन' हे अंथरूण. 'बासुरा' म्हणजे कचरा, त्याचा डबा 'बासुराहान'. नारळ खोवणं म्हणजे 'कुदकोद', त्यावरून 'कुदकुरान'. दोन स्वरांत सापडलेल्या दचा र होतो, हा नियम ठाऊक नसला की हे नातं ध्यानात येत नाही. कुदकुरान म्हणजे बुटकं बाकडं आणि त्याच्या टोकाला दातेरी लोखंड. त्यावर बसून खोवतात. आपल्या खोवणीचा सख्खा भाऊच.

हत्यारासाठी 'पाङ' पुढे येतो. पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचं रूप बदलतं: ब असेल तर 'पाम', ल असेल तर 'पान'. उघडायचं ते 'पाम्बुकास', साफ करायचं ते 'पानलिनिस'. कधी मूळ शब्दाचं पहिलं अक्षरही गळतं: 'पुनास' म्हणजे पुसणं, पण पुसायचं फडकं 'पामुनास'. नाव आठवलं नाही तरी काम आठवलं की वस्तू मागता येते. पन्नास नामांची यादी पाठ करण्यापेक्षा वीस क्रिया पाठ करणं फायद्याचं.

यादीत जे उरतं त्यातलं पुष्कळसं स्पॅनिश. 1565 ते 1898 एवढा काळ स्पेनचं राज्य होतं, तेव्हा मेसा म्हणजे टेबल (लामेसाही म्हणतात), बासो म्हणजे पेला, कुत्सारा म्हणजे चमचा, तिनिदोर म्हणजे काटा, बिन्ताना म्हणजे खिडकी हे शब्द घरात मुरले. 'बाल्दे' आणि 'साबोन' ऐकून आपण चमकतो, कारण गोव्याच्या पोर्तुगिजांनी बालदी आणि साबण आपल्याही पदरात टाकले. जेवताना उजव्या हातात कुत्सारा, डाव्या हातात तिनिदोर. 'कुत्सिल्यो', म्हणजे सुरी, बहुधा स्वयंपाकघरातच राहते. उलथनं, 'सियान्से', चिनी व्यापाऱ्यांच्या होक्किएन बोलीतून आलं. ताबो मात्र कुठल्याही पुस्तकाआधी शिकावा: बादलीतून पाणी घ्यायचा दांड्याचा मग. त्यावाचून तिथलं न्हाणीघर अपुरंच.

शुद्ध शब्दांच्या नादी लागू नये. खुर्चीला 'सालुम्पुवित', म्हणजे बूड झेलणारं, असा शब्द सांगतात. तो आपल्या कंठलंगोटाइतकाच वापरात आहे. लोक 'सिल्या' नाहीतर 'उपुआन' म्हणतात, फ्रिजला 'रेफ' आणि संडासाला 'सीआर'.

वाक्यांचे तीन साचे पुरतात. 'नासाआन आङ सूसी?' म्हणजे किल्ली कुठे आहे? 'मे साबोन बा?' म्हणजे साबण आहे का? 'पाआबोत पो नाङ सान्दोक' म्हणजे जरा डाव देता का? यातला 'पो' वडीलधाऱ्यांसाठी, आपल्या अहो-जाहोसारखा; तो गाळला तर उद्धट वाटतं. वस्तूंना लिंग नाही. अनेकवचनाला आधी जो शब्द लागतो त्याची अक्षरं म, ग, आ अशी, पण वाचायचा 'माङा'. आकडा असला तर तोही नको: 'तात्लोङ बासो', तीन पेले, झालं.

डॉक्टरकी शिकायला दावाव शहरात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे तागालोग समजते, पण घरोघरी सेबुआनो बोलतात. तिथे वालिसला 'सिल्हिग' म्हणतात, आणि सूसीला 'यावे'. हा यावे स्पॅनिश, आपली चावी पोर्तुगीज, आणि दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं.