सातवीचा वर्ग, एक बेदाणा आणि राहुलचा तांब्या

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत 'माइंडफुलनेस' आलं. म्हणजे एका संस्थेच्या ताई आल्या, सोबत पितळी वाटी, ती वाजवायला लाकडी दांडका आणि बेदाण्याचं पाकीट. सातवीच्या ५२ मुलांना प्रत्येकी एक बेदाणा. तो आधी नीट बघायचा, बोटांत फिरवायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, हुंगायचा आणि शेवटी अगदी सावकाश चावायचा. ताई 'आता त्याच्या सुरकुत्या बघा' म्हणेपर्यंत मागच्या तीन बाकांवरचे बेदाणे पोटात गेले होते. एकाने हात वर केला. "बाई, माझा संपला. आता कशाकडे बघू?"

मी खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. ताई मात्र गुणी होत्या, चिडल्या नाहीत.

तास संपताना पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, हे कुणी शोधून काढलं? ताई म्हणाल्या, अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी. आता हे अगदी खोटं नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला आणि तो बेदाणाही त्याच वर्गातला. (डॉक्टर खरे, पण औषधं देणारे नव्हेत, रेणुजीवशास्त्रातले.) पण ते स्वतः ध्यानाला बसायला शिकले ते बौद्ध परंपरेतल्या शिक्षकांकडे. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. फळ्याच्या वर बाबासाहेबांचा फोटो, आणि मी देहूरोडची. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आमच्याकडे बुद्धमूर्ती बसवली तेव्हा माझी आजी त्या गर्दीत होती. पोरीला मी जिन्यात गाठून सांगितलं, "अगं, ही आपल्याकडचीच गोष्ट आहे."

मोठ्या बाईंच्या कानावर ते गेलं. त्यांचं म्हणणं, बुद्धाचं नाव घेतलं की उद्या पालक दारात उभे राहतील, त्यापेक्षा 'सायन्स' म्हणा. धर्म नको.

त्यांची भीती मला अर्धी पटते. पूर्णपणे सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, हे संविधानाचं २८ वं कलम सांगतं, आणि ते कुणी लिहिलंय हे मला कुणी शिकवायला नको. वर्गात त्रिसरण म्हणून घ्यावं असं मला कधीच वाटलं नाही. माझ्या मुलाकडून कुणी दुसऱ्याची प्रार्थना म्हणवून घेतलेली मला चालणार नाही, मग मी तरी का घ्यावी? (सकाळच्या परिपाठात आपण काय काय म्हणतो त्याची मोजदाद इथे करत नाही.) पण एखाद्या गोष्टीचा उगम सांगणं म्हणजे धर्मप्रसार नव्हे. पायथागोरसचं नाव घेतलं म्हणून कुणी ग्रीक होत नाही.

माझी खरी तक्रार नावाबद्दल नाहीच. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गाच्या आठ पायऱ्यांत सम्मा सती सातवी येते, आणि 'माइंडफुलनेस' हे या सतीचंच इंग्रजी नाव. तिच्या आधी सम्मा वाचा आहे, सम्मा कम्मन्त आहे, सम्मा आजीव आहे. म्हणजे तू बोलतोस काय, करतोस काय, पोट कशावर भरतोस. आपण तीन-चार-पाच गाळून थेट सातव्या पायरीवर उडी मारतो आणि मुलांना म्हणतो, शांत बसा. शाळेला शांत बसलेली मुलं आवडतात, हे त्यामागचं साधं कारण. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून जास्त मुलांवर असा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि नेहमीच्या तासांपेक्षा त्यातून मुलांना जास्त काही मिळालं नाही असं निघालं. बहुतेक मुलं घरी सरावच करत नव्हती म्हणे. माझ्या वर्गाने हे बेदाण्यावरच सांगितलं असतं.

बसण्याला मी नावं ठेवत नाही. आळंदीजवळ मरकळच्या विपश्यना केंद्रात मी स्वतः दहा दिवस काढलेत. पहिले तीन दिवस नुसता श्वास, आनापान. ना मंत्र, ना मूर्ती. आपल्या राज्यात 'मित्र उपक्रमा'त शाळाशाळांतून जी दहा मिनिटं घेतात ती हीच. तिसऱ्या दिवशी मला कळलं की मला दिवसातून किती वेळा राग येतो. तो बहुतेक वेळा गृहपाठाच्या वहीवरून येतो.

सती या शब्दाला आपण उगाच जड प्रतिशब्द शोधतो. आजीकडे होता की: भान. "भान ठेवून बोल गं."

तर मी काय केलं ते सांगते. कॉलेजात पालीच्या तासाला राहुलचं सुत्त, म्हणजे त्याला केलेला बुद्धाचा उपदेश, भेटलं होतं. (पुण्यात पालीची बैठक बसवली ती धर्मानंद कोसंबींनी. १९१२ पासून ते फर्ग्युसनमध्ये शिकवत. गोव्यात असताना 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र वाचून त्यांना बुद्धाची ओढ लागली. मुलांच्या मासिकाची ताकद बघा.) राहुल हा बुद्धाचा मुलगा. अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी टीका, त्याचं वय तेव्हा सात वर्षं सांगते. बुद्ध त्याच्याकडे येतात, राहुल पाय धुवायला पाणी देतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडं पाणी ठेवतात आणि विचारतात, दिसतंय? जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्षूपण, एवढंसंच. मग ते पाणी फेकतात: असंच ते फेकलं जातं. भांडं पालथं करतात. मग सुलटं करून आतला रिकामेपणा दाखवतात.

हे मी वर्गात तांब्या घेऊन करून दाखवलं. नळाचं पाणी, खिडकीतून फेकलं, खाली पी.टी.चे सर उभे होते. तो भाग सोडा. तांब्या पालथा झाला तेव्हा वर्गात खरोखर आवाज नव्हता, आणि मी 'शांत बसा' म्हटलं नव्हतं.

पुढे बुद्ध विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, बघण्यासाठी. तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होतंय का. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात जी मोजकी वचनं भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत म्हणून कोरून ठेवली, त्यात राहुलला केलेला हा खोटेपणाबद्दलचा उपदेश आहे. शाळेत शिकवायला याहून सोपं काय हवं?

मुलांनी 'आरसा वही' केली. आठवड्यातून एक प्रसंग, तीन ओळी: आधी, करताना, नंतर. मार्क नाहीत. पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं: "आधी विचार केला. करताना पण विचार केला. तरी मारलं. नंतर बरं वाटलं, मग नाही वाटलं." मी त्याला शेरा दिला नाही, काय देणार?

घरी बाबांना हे कौतुकाने सांगितलं. बाबा डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले, सकाळी पेपर, संध्याकाळी बुद्धविहार. त्यांना ध्यानबिन फारसं रुचत नाही. म्हणाले, "श्वास मोजा, आरसे बघा, सगळं करा. तुझ्या वर्गात पाणी कोण भरतं ते मोजलंस का?"

मी म्हटलं, बाबा, आता तसं काही राहिलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका वहीत हे सापडलं: "आधी: बाईंनी जार आणायला सांगितला. करताना: मी, तो आणि तो. नेहमी आम्हीच. नंतर: गणिताचा पहिला भाग गेला." जार वीस लिटरचा, खालच्या मजल्यावरून आणावा लागतो. तिघंही धट्टेकट्टे, सांगितलं की उठणारे. तिघंही नदीकाठच्या एकाच वस्तीतले. मी आडनावं बघून त्यांना निवडलं नव्हतं, असं मला वाटतं. शपथेवर सांगता येणार नाही, कारण त्या क्षणी मी काय विचार करत होते याचं मला भान नव्हतं.

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता दारामागे पाण्याच्या पाळीचा कागद आहे, हजेरीच्या क्रमाने, दर दिवशी दोघं. दोन पालकांचा फोन आला, आमच्या मुलीला जार का? मोठ्या बाईंनी या वेळी माझी बाजू घेतली, हे इथे लिहायलाच हवं. एका मुलाने हट्टाने माझंही नाव त्यात घातलं, दर गुरुवारी. माझी कंबर धरलेली असते, त्यामुळे परवा विचारलं, कुणी एक बाजू उचलेल का? तो बेदाणेवाला उठला. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाला, "बाई, कागदावर तुमचं एकट्याचं नाव आहे. हे खोटं बोलणं होतं का?"

वर गेल्यावर त्याने पेनाने स्वतःचंही नाव लिहिलं.