आमची वाटचाल : शेवटच्या दिवसाकडून पहिल्या दिवसाकडे

आमची पुण्यातली लहान कंपनी दुसऱ्या टीमनी बनवलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी करते. दुकानांची बिलिंग, वितरकांचा साठा, औषधविक्री अशा कामांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमसोबत आमचे टेस्टर बसतात. यातल्या बहुतेक टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत, काम करतात. आजवर आमच्या पद्धतीत जे बदल झाले ते जवळजवळ सगळे एकाच दिशेने झाले. टेस्टरचा वेळ आम्ही स्प्रिंटच्या शेवटाकडून सुरुवातीकडे नेत गेलो.

सुरुवातीची पद्धत बहुतेक ठिकाणी दिसते तीच होती. स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहा. डेव्हलपर आठव्या-नवव्या दिवशी सगळ्या स्टोरी (सॉफ्टवेअरमधल्या छोट्या मागण्या) एकदम टेस्टरकडे देणार, टेस्टरला दीड दिवस मिळणार, सापडलेले बग पुढच्या स्प्रिंटमध्ये जाणार आणि तिथल्या नव्या कामाची जागा खाणार. नाव अजाइल (छोट्या फेऱ्यांत बनवत-तपासत जाणे), पण आत दर दोन आठवड्यांचा छोटा वॉटरफॉल, म्हणजे आधी सगळे बनवायचे आणि शेवटी तपासायचे. त्यात जुन्या भागांची फेरतपासणी वाढतच जाते. एका स्प्रिंटमध्ये 15 नव्या तपासण्या वाढल्या आणि प्रत्येकीला 4 मिनिटे लागली, तर दर स्प्रिंटला हाताने करायचे एक तासाचे काम कायमचे वाढते. वर्षात 26 स्प्रिंट, म्हणजे वर्षअखेरीस फक्त फेरतपासणीला 26 तास. दीड दिवसात ते बसत नाही. मग टेस्टर अंदाजाने काही भाग सोडतो आणि बग नेमका तिथून बाहेर पडतो.

म्हणून पहिला बदल आम्ही कोड लिहिण्याच्या आधीच्या टप्प्यात केला. स्टोरी स्प्रिंटमध्ये घेण्यापूर्वी प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचे ते ठरवणारा), डेव्हलपर आणि टेस्टर अर्धा तास एकत्र बसतात आणि आकडे घालून उदाहरणे लिहितात. ‘ग्राहकाने परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट निघावी’ हे वाक्य वाचायला सोपे आहे. आता 99.50 रुपयांची वस्तू घ्या, जीएसटी 18 टक्के. ग्राहक गोव्याचा असेल तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) 17.91 रुपये. ग्राहक महाराष्ट्रातलाच असेल तर कराचे दोन भाग होतात. केंद्राचा सीजीएसटी 9 टक्के म्हणजे 8.955, तो होतो 8.96. राज्याचा एसजीएसटीही तेवढाच, एकूण 17.92. एका पैशाचा फरक इथेच पडला. आता अशा तीन वस्तूंचे बिल केले आणि कर एकूण रकमेवर काढला, तर 298.50 वर सीजीएसटी येतो 26.87. ग्राहकाने त्या वस्तू तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक करून परत केल्या तर परतावा होतो 26.88. घेतल्यापेक्षा जास्त कर परत गेला. कर ओळीनुसार काढायचा की बिलावर, शेवटच्या परताव्यात उरलेली रक्कमच द्यायची का, हे प्रश्न टेबलावर दहा मिनिटांत सुटतात. नवव्या दिवशी निघाले तर डेटाबेसमधल्या तीन तक्त्यांचा कोड बदलावा लागतो. त्यामुळे आकड्यांची उदाहरणे नसलेली स्टोरी स्प्रिंटमध्ये घेऊ नये, असा आग्रह आम्ही धरतो.

याच बैठकीत स्टोरीचा आकारही ठरतो. दोन दिवसांत संपणार नाही ती स्टोरी तोडायची. छोट्या स्टोरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टेस्टरकडे येऊ लागतात आणि शेवटची गर्दी आपोआप विरळ होते.

ऑटोमेशनची, म्हणजे चाचण्या संगणकाकडून चालवून घेण्याची, वाट मात्र लांबची निघाली. बहुतेक टीम ते स्क्रीनपासून सुरू करतात, आम्हीही तसेच केले. ब्राउझरमध्ये क्लिक नोंदवायचे आणि रोज रात्री चालवायचे. अजाइलवर लिहिणारे माइक कोन यांनी मांडलेला चाचण्यांचा पिरॅमिड तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होता: तळाशी भरपूर युनिट टेस्ट (कोडच्या एकेका लहान तुकड्याच्या चाचण्या), मध्ये सेवांच्या (स्क्रीनमागे चालणाऱ्या भागांच्या), टोकाला थोड्या स्क्रीनच्या. तरीही पिरॅमिड उलटा होतो, कारण स्क्रीनची चाचणी डोळ्यांना दिसते आणि ग्राहकाला दाखवता येते. त्याची किंमत साध्या गणितात कळते. स्क्रीनच्या 200 चाचण्या आहेत आणि बग नसतानाही प्रत्येक चाचणी हजारात पाच वेळा उगाच पडते (नापास होते) असे धरा. सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता उरते सुमारे 37 टक्के. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन रात्री बिल्ड लाल (निदान एक चाचणी नापास). चार आठवड्यांत टीम लाल रंगाकडे बघणे सोडते, आणि त्यानंतर खरा बगही त्या रंगात झाकला जातो.

उगाच पडणाऱ्या चाचण्यांची कारणे आम्हाला बहुधा तीनच सापडतात. पहिले म्हणजे ठरावीक सेकंद थांबणे. ‘तीन सेकंद थांब’ असे लिहिलेली चाचणी सर्व्हरवर ताण आला की पडते. त्याऐवजी ‘बिल क्रमांक दिसेपर्यंत थांब’ अशी अट लिहावी. दुसरे, बटण त्याच्या रंगावरून किंवा पानावरच्या जागेवरून शोधणे. डेव्हलपरने प्रत्येक महत्त्वाच्या घटकाला चाचणीसाठी वेगळी खूण द्यावी, हे काम स्टोरीतच धरावे. तिसरे आणि सगळ्यात चिवट कारण म्हणजे सामायिक डेटा. दोन चाचण्या एकाच ग्राहकाच्या खात्यावर चालल्या की एकीचे बिल दुसरीची शिल्लक बदलते. प्रत्येक चाचणीने स्वतःचा ग्राहक तयार करावा. पडलेली चाचणी पुन्हा चालवून हिरवी करणे आम्ही बंद केले. ती बाजूला काढतो आणि एका स्प्रिंटच्या आत दुरुस्त करतो किंवा पुसून टाकतो. आता कराचे आणि सवलतीचे सगळे गणित युनिट पातळीवर तपासले जाते, परवानग्या आणि साठा एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या) पातळीवर, आणि स्क्रीनवर फक्त धंदा थांबवू शकतील असे मोजके मार्ग. कोड जोडताना चालणाऱ्या चाचण्या दहा मिनिटांच्या आत संपल्या पाहिजेत. त्याहून वेळ लागला की डेव्हलपर त्यांची वाट बघत नाहीत.

आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बग असे आहेत की परदेशी चाचणी-याद्यांत ते क्वचितच दिसतात. सर्व्हर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत झालेली विक्री यूटीसीप्रमाणे आदल्या दिवसाची ठरते. रोजच्या अहवालात हे खपून जाते, 1 एप्रिलला खपत नाही. चोवीस तास उघड्या औषध दुकानात पहाटे दोनला केलेले बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. म्हणून घड्याळ 31 मार्च, रात्री 11:59 वर ठेवून दोन मिनिटांत बिले काढण्याची चाचणी आमच्याकडे प्रत्येक बिलिंग प्रकल्पात असते.

मराठी मजकुराचेही तसेच. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण ते युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) चार घटक आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत 12 बाइट. बाइटमध्ये मोजलेल्या रकान्यात नाव अर्ध्यावर तुटते. एसएमएस देवनागरीत गेला की एका संदेशाची मर्यादा 160 चिन्हांवरून 70 वर येते आणि ग्राहकाचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. आणि ‘कऱ्हाड’ हा शब्द प्रत्येक शोधपेटीत टाकून बघावाच. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा ‘ऱ’ वापरून आणि एकदा ‘र’च्या हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही, त्यामुळे साठवताना आणि शोधताना ते रूपांतर कोडमध्ये करावे लागते. ‘गोऱ्हे’ नावाचा ग्राहक असून सापडत नाही तो यामुळे.

इतके ऑटोमेशन झाल्यावर टेस्टरचा हाताचा वेळ मोकळा होतो, तो आम्ही शोधक चाचणीला (पायऱ्या आधी न ठरवता केलेल्या चाचणीला) देतो. साठ ते नव्वद मिनिटांची बैठक, एकच ओळीचे उद्दिष्ट, शेवटी अर्ध्या पानाची टिपणे. ‘नेटवर्क मध्येच तुटल्यावर पैसे भरण्याचा मार्ग’ हे उद्दिष्ट आम्ही सगळ्यात जास्त वेळा घेतो. स्वस्त अँड्रॉइड फोन, ‘पैसे भरा’ दाबताच विमान मोड, मग पुन्हा चालू करून तेच बटण. सर्व्हरने पहिली विनंती आधीच घेतलेली असते आणि फोनला उत्तर पोहोचलेले नसते. प्रत्येक विनंतीला एकमेव ओळख-क्रमांक नसेल तर दोन बिले होतात.

दर आकारण्याची पद्धतही वाटेत बदलावी लागली. चाचण्यांच्या संख्येवर पैसे घेतले तर सारख्याच चाचण्या वाढतात. सापडलेल्या बगांवर घेतले तर किरकोळ बगांचा ढीग होतो आणि स्टोरीच्या बैठकीत बग आधीच टाळणारा टेस्टर कामचुकार दिसतो. त्यामुळे आता दर माणसामागे, स्प्रिंटनुसार असतो आणि स्टोरीच्या बैठकीचा अर्धा तास करारातच लिहिलेला असतो. ज्या टीमला टेस्टर फक्त शेवटच्या दोन दिवसांसाठी हवा असतो, तिचे काम आम्ही घेत नाही.