ठाण्याहून म्युझियमला: आधी बसायच्या जागा, मग दालनं

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, घरातल्या ज्येष्ठांना आणि पोरांना घेऊन बघायचं तर दालनांच्या यादीआधी विसाव्याच्या जागा ठरवाव्यात. चार पावलं चाला, थांबा, परत चाला, तेही कडक फरशीवर. सरळ फिरायला जाण्यापेक्षा याने कंबर आणि पोटऱ्या लवकर भरून येतात.

रविवारी निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, बघा. तो साधारण अकराच्या सुमारास लागतो आणि चारपर्यंत चालतो, त्यामुळे जाताना सुटका होते आणि दुपारी परतताना खोळंबा. हार्बर लाइन बंद असेल तर वाशी-नेरुळकरांनी ट्रान्सहार्बर लाइनने ठाणे गाठून मेन लाइन धरावी. अशा दिवशी रेल्वे या मार्गाने प्रवासाची मुभा देते, ब्लॉकच्या सूचनेत ते वाचून घ्या. ठाणेकरांनी फास्टच्या मागे न लागता ठाण्याहूनच सुटणारी स्लो घ्यावी. वेळ थोडा जास्त जातो, पण बसून जाता येतं. सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) म्युझियम दीडेक किलोमीटर आहे. धडधाकट माणसं हुतात्मा चौकातून चालत जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीच करावी, पाय आत लागणार आहेत.

दार सव्वादहाला उघडतं. पहिला तास सर्वांत निवांत, नंतर शाळांच्या सहली येतात आणि बाकांवर दप्तरं बसतात. मोठ्या बॅगा जमा कराव्या लागतात, म्हणून औषधं, चष्मा आणि शाल छोट्या पिशवीत वेगळी ठेवा. लिफ्ट, व्हीलचेअर आणि स्वच्छतागृह यांची चौकशी तिकीट घेतानाच करावी. वर गेल्यावर आठवलं तर सगळ्या गटाची वरात खाली येते.

घुमटाखालच्या मधल्या दालनात नाशिकच्या वाड्यातलं लाकडी काम बसवलंय. सगळ्यांची भेटायची जागा हीच ठेवा, हरवलेला माणूसही विचारत इथे पोचतो. तळमजल्यावर शिल्पं आधी बघावीत. सिंधमधल्या मीरपूर खासची भाजक्या मातीची शिल्पं आणि घारापुरीचा ब्रह्मदेव उभ्याउभ्या उरकू नका. ब्रह्मदेवाकडे तिरप्या बाजूनेही बघा, समोरून बाजूची मुखं नीट कळत नाहीत.

लघुचित्रांच्या दालनात दिवे मुद्दाम मंद असतात. कागद आणि रंग उजेडाने कायमचे फिके पडतात, म्हणून अशा चित्रांवर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. बाहेरच्या लख्ख व्हरांड्यातून थेट आत शिरलात तर काहीच दिसत नाही आणि ज्येष्ठ ठेचकाळतात. दाराशी दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. जवळचा चष्मा इथेच लागतो. फ्लॅश अजिबात नको.

तासाभराने बाहेर पडून आवारात बसायचं, हे वेळापत्रकात लिहूनच ठेवा. पोरांसाठी 2019 मध्ये उघडलेलं बालसंग्रहालय याच आवारात आहे, गोरखचिंचेच्या जुन्या झाडाजवळ. आतल्या दालनांत ‘हात लावू नको’ ऐकून कंटाळलेली मुलं इथे मोकळी होतात. (तो नियम उगाच नाही: हाताचा घाम आणि तेल धातूवर डाग पाडतं.) आमच्या मते बालसंग्रहालय सकाळी पहिलं दाखवू नये, तिथून मुलांना परत शिल्पांकडे वळवणं महाकठीण. तिथला त्या दिवसाचा कार्यक्रम आणि वयोगट मात्र आल्याआल्या विचारा. मोठ्यांनी आळीपाळीने मुलांजवळ बसावं, बाकीच्यांनी तेवढ्यात वरच्या मजल्यावर अकबराचं 1581 सालचं चिलखत बघून यावं.

डबा दालनांत चालत नाही. आवारातल्या उपाहारगृहात एकच्या ठोक्याला गर्दी होते, बाराला किंवा दोनला जा.

पाय शिल्लक असतील तर शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी बघा, तिथे प्रवेश फुकट आहे. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अर्धगोलाकार मजले जिन्यांनी चढत जावे लागतात, गुडघेवाल्यांनी आधी विचार करावा. शिवाय ते सोमवारी बंद असतं. कामाच्या दिवशी साडेचारच्या आत सीएसएमटी गाठा, ठाणे लोकलमध्ये खिडकी मिळते. पाचनंतर उभं राहायलाही खांदा लावावा लागतो.