नेमारचा टोंगळा

सहा फेब्रुवारी 2025 ला, गुरुवारी, जामठ्याच्या स्टेडियममधून धाकट्या भावाचा फोन आला. मागे एवढा गोंगाट की अर्धं ऐकूच येईना.

"दादा, कोहली नाही खेळून राहिला ना आज! टोंगळा दुखून राहिला म्हणते त्याचा."

मागून कुणीतरी ओरडलं, "आपल्या नागपुरातच काऊन दुखते बे याचं?" आणि अख्खी रांग हसली. भावाने तिकिटासाठी काय काय उपद्व्याप केले होते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे त्याची चिडचिड समजण्यासारखी होती. "बाम लाव म्हणा अन् ये म्हणा," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

टोंगळा. हा शब्द रियाधमध्ये माझ्याशी बोलायला कुणी नाही. इथे गुडघ्याला 'रुक्बा' म्हणतात, आणि तो मला कसा माहीत, तर ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमार याच्यामुळे. गेल्या दोन आठवड्यांपासून आमच्या ऑफिसात त्याच्याच रुक्ब्याची चर्चा चालू आहे, कारण 27 जानेवारीला इथल्या अल-हिलाल क्लबाने त्याचा करार संपवला आणि तो ब्राझीलला, आपल्या जुन्या सांतोस क्लबात परत गेला. सुमारे नऊ कोटी युरो मोजून आणलेला माणूस. सामने खेळला सात. गोल एक.

पण मला सांगायचंय ते ऑक्टोबर 2023 बद्दल.

माँटेव्हिडिओमध्ये उरुग्वेविरुद्ध ब्राझीलचा सामना होता. तिकडे 17 तारखेची रात्र, इथे 18 ची पहाट. मध्यंतराच्या जरा आधी नेमार पडला आणि रडत रडत स्ट्रेचरवरून बाहेर गेला. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट आणि आतली गादी, दोन्ही गेलं. मी सकाळी आठला ऑफिसात पोचलो तर जणू कुणाच्या घरी काही झाल्यासारखं वातावरण. आमचा एक सौदी सहकारी कट्टर हिलाली आहे. गाडीच्या सीटपासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत सगळं निळं. तो खुर्चीत नुसता बसून होता. लोक येत, त्याच्या खांद्याला हात लावत आणि म्हणत, "मा तशूफ शर्र."

म्हणजे, तुला वाईट बघायला न लागो. इकडे कुणी आजारी पडलं, कुणाला लागलं की हे म्हणायची रीत आहे. त्याला ठरलेलं उत्तरही आहे, "अश्शर्र मा यजीक", वाईट तुझ्याकडेही न येवो. म्हणजे दुखणाऱ्यानेच विचारणाऱ्याला उलटा आशीर्वाद द्यायचा. मला ही देवघेव फार आवडली, इतकी की मी त्या दिवशी काम सोडून तीच बघत बसलो होतो. चहावाला बंगाली मुलगा म्हणाला. लिफ्टमध्ये मजला कुठला ते न विचारणारे आमचे इजिप्शियन अकाउंटंट म्हणाले. आणि कळस म्हणजे अन-नस्र या विरोधी क्लबाचा चाहता, ज्याच्या टेबलावर रोनाल्डोचा पिवळा फोटो असतो, तोही आला. आता हा खिजवणार म्हणून मी कान टवकारले. तर तोही गंभीर चेहऱ्याने तेच म्हणाला आणि गेला. खिजवायचं त्याने बरोबर दोन दिवसांनी सुरू केलं. पण दोन दिवस थांबला.

आता आपल्याकडे आठवून बघा. नागपुरात कुणाचा पाय मोडला तर पहिला प्रश्न, "झालं कसं बे?" दुसरा, "कोणाला दाखवलं?" तिसरा प्रश्न नसतो, सल्ला असतो. प्रत्येकाचा एक डॉक्टर धंतोलीत असतो आणि दुसऱ्याचा डॉक्टर चोर असतो. मला हे वाईट म्हणायचं नाहीये. रात्री दोन वाजता रक्त द्यायला पाच पोरं गाडीवरून येतात तीसुद्धा आपल्याच शहरात, आणि त्यांना कुठलं वाक्य पाठ करावं लागत नाही. इथे वाक्य आहे, मान्य. पण वाक्य म्हणून झालं की माणूस आपल्या एसीत परत जातो, हेही मी सात वर्षं पाहतोय.

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कब्सा, म्हणजे इथला मटण-भात, खाता खाता हिशेब निघाला. देशाकडून खेळताना खेळाडू जखमी झाला तर फिफाची एक योजना क्लबाला पगाराची भरपाई देते. पहिले अठ्ठावीस दिवस सोडून, दिवसाला जास्तीत जास्त 20,548 युरो, वर्षाला कमाल 75 लाख. माझ्या सहकाऱ्याला हे आकडे तोंडपाठ होते आणि ते नेमारच्या पगारापुढे कसे किरकोळ आहेत हे तो तावातावाने सांगत होता. ब्राझीलने त्याला खेळवलाच कशाला, पैसे आपले आणि गुडघा त्यांनी फोडला, असा एकूण सूर. मी मनातल्या मनात रुपये करत होतो. वीस हजार युरो. एका दिवसाचे. न खेळण्याचे.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या भावाचंही हेच झालं होतं."

माझा भाऊ फुटबॉल खेळायचा. इकडे हे सांगितलं की लोक भुवया उंचावतात, भारतीय म्हणजे क्रिकेट असं त्यांच्या डोक्यात फिट्ट बसलंय. मग मला चेव येतो. मोहननगर सांगतो, कामठी सांगतो, रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, रेल्वेची टीम, सगळी यादी वाचतो. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देणारं स्लम सॉकर 2001 मध्ये नागपुरातच सुरू झालं, हेही सांगतो. एकदा तर उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की मेट्रोसुद्धा आमच्याकडे 2019 लाच धावायला लागली, तुमची अजून होतेय. (ती गेल्या डिसेंबरमध्ये झाली. चांगली आहे. आपल्यापेक्षा मोठीही आहे, जाऊ द्या.)

भाऊ नेमारवेडा. 2014 च्या वर्ल्डकपला कोलंबियाविरुद्ध नेमारच्या पाठीत गुडघा बसला आणि मणका मोडला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे तीन-साडेतीन वाजले असतील. सीताबर्डीवरून घेतलेला पिवळा टी-शर्ट घालून हा ढसाढसा रडला. आई उठून आली, आधी टीव्ही बंद केला आणि मग विचारलं, कोण मेलं? नेमारशिवायच्या सेमीफायनलला जर्मनीने सात गोल ठोकले, तेव्हा तो बघायलाच बसला नाही.

डिसेंबर 2019 मध्ये एका लोकल स्पर्धेत तो वळला आणि पाय जागेवरच राहिला. कटकन आवाज आला, असं तो सांगतो. समोरच्या टीमला वाटलं नाटक करतोय. त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून घरी आणलं. आयोजकांनी काय दिलं, तर एक समोसा आणि त्याच दिवशीचं सहभागाचं प्रमाणपत्र. ते आईने फ्रेम करून लावलंय. मग तीन आठवडे तेल चोळणं, गरम विटेचा शेक, कुणाच्या तरी ओळखीचा हाड बसवणारा. सूज उतरली तसा तो चालायला लागला, आणि एक दिवस जिन्यात गुडघा असा काही सटकला की तो कठड्याला धरूनच बसला. मग एमआरआय. मग ऑपरेशन.

जानेवारी 2020 मध्ये झालं. दुर्बिणीतून. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून त्याचं लिगामेंट बनवतात, दोन बारीक भोकं आणि एक छोटा काप. पैसे मी पाठवले. पूर्ण पाठवले, हे नमूद केलंच पाहिजे, कारण घरात कधीकधी ते विसरलं जातं.

मी गेलो नाही. तेव्हा आमच्या साइटवर चिलर प्लांट सुरू करायचा होता, हँडओव्हरची तारीख डोक्यावर होती, आणि इथे परदेशी माणूस किती सहज बदलता येतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. आईला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. आता आई हे वाचत नाही, भाऊ वाचतो, म्हणून लिहून टाकतो. मी सुट्टी मागितलीच नव्हती. मागितली असती तर बहुतेक मिळाली असती. पण त्या दोन महिन्यांतच मला वरची जागा मिळाली आणि त्या पगारातून ऑपरेशनचं कर्ज फिटलं. तिथे जाऊन मी काय करणार होतो? दवाखान्याच्या खाली पोहे खाणार आणि डॉक्टरला तेच प्रश्न विचारणार, जे भाऊ स्वतःच विचारत होता.

आणि खरा घोळ ऑपरेशनने केलाच नाही, मार्चने केला. या ऑपरेशननंतर नऊ महिने व्यायाम करावा लागतो, तेव्हा कुठे मैदान दिसतं. याचे जेमतेम दोन झाले होते आणि लॉकडाऊन लागला. फिजिओ बंद, मैदान बंद. घरी तो गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा, दहा मोजायचा, सोडायचा. मला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. आधी रोज, मग आठवड्यातून एकदा. तेव्हा मी नागपुरात असतो तरी लॉकडाऊन उठवू शकलो असतो का? विमानंही बंद होती.

तर त्या कब्स्याच्या ताटाशी मी एवढं सगळं नाही सांगितलं. माझी अरबी तेवढी नाही आणि त्याची इंग्रजी. फक्त, भाऊ, फुटबॉल, रुक्बा, ऑपरेशन, आता खेळत नाही. त्याने हातातला घास ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मा तशूफ शर्र."

जवळजवळ चार वर्षांनी. मला उत्तर माहीत नव्हतं. मी 'थँक यू' म्हणालो. संध्याकाळी गाडीत ड्रायव्हरने उत्तर शिकवलं, ते मी घरी येईपर्यंत घोकत होतो.

पुढचं थोडक्यात. 23 ऑक्टोबरला इथेच आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीचा हिलालशी सामना झाला. मी भारतीयांच्या घोळक्यात घसा फाडायला गेलो, 6-0 खाऊन आलो. नोव्हेंबरच्या दोन तारखेला नेमारचं ऑपरेशन झालं आणि सहाला हिलालची टीम नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर उतरली, त्याच्याविना. कोण कुणाशी खेळणार याची सोडत निघाली त्या ऑगस्टमध्ये भावाने रेल्वेचं तिकीट काढायची भाषा केली होती. ती त्याने गुपचूप परत घेतली.

आणि इकडे त्याच्याविना हिलाल हरायचं नावच घेईना. सलग 34 विजय, लीग एकही सामना न हरता खिशात. जानेवारीतच परदेशी खेळाडूंच्या कोट्यात जागा करायला त्याचं नाव लीगच्या यादीतून काढलं होतं. तेव्हा माझा सहकारी म्हणाला, बरोबर केलं. रडणारा माणूस तोच, तीनच महिने झालेले. मला ते लागलं. का लागलं ते माहीत नाही, मी काही हिलालचा नाही. पण यादीतून नाव, कोटा, त्याच्या जागी दुसरा, हे शब्द इथे इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, असलेल्या माणसाने ऐकले की पोटात जरा हलतंच. वर्षभराने, 21 ऑक्टोबर 2024 ला नेमार परतला. पंधरा दिवसांत मांडीची शीर धरली. यावेळी ऑफिसात 'मा तशूफ शर्र' कुणी म्हणालं नाही. मीम आले.

मागच्या आठवड्यात माझा हिलाली सहकारी एक पिशवी घेऊन आला. आत निळा शर्ट, पाठीवर 10, धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी. "तुझ्या भावासाठी," म्हणाला. आता याला आठवण म्हणायची की अडगळ काढणं? तो शर्ट त्याच्या मुलालाही नको असणार, हे मला कळत होतं. पण माझ्या भावाचा गुडघा त्याच्या लक्षात राहिला होता, हेही होतंच. यावेळी मी बरोबर उत्तर दिलं, अश्शर्र मा यजीक. तो खदखदून हसला, कारण शर्ट देणाऱ्याला असं म्हणत नाहीत.

काल भावाला फोन केला. शर्टाचं सांगितलं.

"साइज?"

"एल."

"मले एल होते का आता? पाच वर्षं झाली दादा, बसून खाऊन राहिलो मी. आईले दे, थैली शिवन ती."

थोडा वेळ मेट्रोच्या पासाबद्दल, संत्र्याच्या भावाबद्दल बोलणं झालं. मग मी विचारलं. मला वाटतं मी हे असं, नुसतं, पहिल्यांदाच विचारलं.

"टोंगळा कसा आहे?"

"कोणाचा, कोहलीचा?" तो म्हणाला. "बरा आहे ना. कटकले खेळला तो. पाचच रन केले."