उडी रेकॉर्डची नव्हतीच

मागच्या वेळी सांगितलं होतं, इंदूरच्या रामबागेतल्या काकांच्या माळ्यावर ब्रिटिश गायिका केट बुशची 'हाउंड्स ऑफ लव्ह' ही रेकॉर्ड सापडलीय. काका १९८५ साली लंडनला होते, तिथूनच आणलेली. कव्हर ठणठणीत, तबकडीवर मात्र बुरशीचे पांढरे ठिपके. चाळीसेक पावसाळ्यांची कमाई.

डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ फडकं, खाचांच्या दिशेनं गोल. दोनदा धुतल्यावर बुरशी गेली. प्लेअरचा सैल बेल्ट बदलायला महाराणी रोडवर चार दुकानं हिंडलो. "भिया, ये अब कौन चलाता है?" असं विचारत चौथ्यानं खोक्यातून काढून दिला. सुईचं वजन, म्हणजे तिचा तबकडीवरचा दाब, १.८ ग्रॅम ठेवलंय.

पहिली बाजू स्वच्छ वाजली. पाच गाणी, त्यातली चार सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या रेकॉर्डी म्हणूनही निघालेली. 'रनिंग अप दॅट हिल' तर 'स्ट्रेंजर थिंग्ज' या वेब सिरीजमुळे २०२२ मध्ये, तब्बल ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला पोचलं. पुतणीला ते तिथूनच पाठ.

खरा घोळ दुसऱ्या बाजूचा. तिथं 'द नाइन्थ वेव्ह' ही सात गाण्यांची सलग कथा आहे: रात्री पाण्यात पडलेली बाई पहाटेपर्यंत जागं राहायला धडपडतेय. मी आपला भावगीतांच्या रेकॉर्डींना करतो तसे सात तुकडे करून मोबाइलवर टाकले आणि ऑफिसला जाता-येता ऐकले. कंटाळलो, खोटं कशाला बोलू! मग जुनी परीक्षणं शोधली. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाच्या समीक्षकाचं मत: दिपवते तशी कंटाळाही आणते, गाण्यांवर सजावट फार. मला आधारच मिळाला. ब्रिटनमध्ये मात्र 'एनएमई' या संगीत साप्ताहिकानं केट बुशला थेट जीनियस ठरवलेलं, आणि अल्बमनं मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला हटवून पहिला नंबर घेतलेला. आधीच्या, १९८२ च्या 'द ड्रीमिंग'नं लोकांना बुचकळ्यात टाकलं होतं. त्यानंतर घराजवळच २४ ट्रॅकचा (२४ आवाज वेगवेगळे नोंदवता येणारा) स्टुडिओ उभारून, सवडीनं केलेलं हे काम.

त्यात 'वेकिंग द विच'मध्ये सुई अडखळतेय, उड्या मारतेय असं वाटलं. आवाज तुकड्या-तुकड्यांत. पुन्हा धुतली, भिंगाखाली खाच बघितली, वजन २ ग्रॅम केलं. एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी खात्री करायला यूट्यूबवर लावलं, तर तिथंही अगदी तसंच! बाईंनी मुद्दामच गाण्यातला आवाज चिरफाळलाय. घरात सगळे हसले, मीही.

त्या रात्री हेडफोन लावून अख्खी बाजू न थांबवता ऐकली. आयरिश वाद्यांची 'जिग ऑफ लाइफ' आली तेव्हा उठून बसलो. तुकड्यांत ती नुसती नाचाची धून वाटली होती. इथं ती बुडणारीला ओढून वर काढते. अमेरिकन समीक्षकाशी माझं आता पटत नाही, निदान या बाजूपुरतं. सजावट आहेच, पण ती कापली की कथाही कापली जाते. सातही फाइली पुसून एकच सलग फाइल केली, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे सीडीपेक्षा सरस दर्जाची.

उरलं शेवटचं गाणं, 'द मॉर्निंग फॉग'. २६ मिनिटांची बाजू, त्यामुळे खाचा दाटीवाटीच्या. मिनिटाला फेरे तेच ३३⅓, पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलापाशी जेमतेम २०. तिथं 'स' चरचरतो. माझी सुई साधी, गोल टोकाची आहे. लंबगोल टोकाची लावून कुणाला फरक पडला असेल तर सांगा, मग खिशाला हात घालतो.